एका पुस्तकाची भेट

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला कधी कुणी पुस्तक भेट दिले आहे का? ईदला ईदी मिळते, पास झाल्यावर पेढे मिळतात, लग्नकार्यात नवे कपडे मिळतात. ईदी खर्च होते, पेढे त्याच दिवशी संपतात, कपडे वर्षभरात तोकडे होतात. पुस्तक मात्र वाढत्या वयाबरोबर तोकडे होत नाही. उलट आपण जसजसे मोठे होतो, तसतसा त्याचा अर्थही मोठा होत जातो. आज आपण अशाच एका पुस्तकाची आणि ते ज्याला मिळाले त्या मुलाची हकिकत वाचणार आहोत. त्या मुलाचे नाव भीमराव. पुढे सारा देश त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावाने ओळखू लागला.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीच्या गावी झाला. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. लष्करी शाळेत ते मुलांना शिकवत असत. आई भीमाबाई भीमराव लहान असतानाच वारल्या. आत्या मीराबाईंनी या पोरक्या मुलांना मायेने वाढवले. वडील कबीरपंथी होते. घरात रोज कबीराचे दोहे म्हटले जात. रामायण आणि महाभारत यांतील कथाही मुलांना वाचून दाखवल्या जात. अशा रीतीने अक्षरांची आणि भीमरावांची ओळख घरातच झाली.

शाळेतील ओळख मात्र वेगळी होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले गेले. त्यांची जात अस्पृश्य मानली जात होती. त्यामुळे त्यांना वर्गात इतर मुलांपासून दूर बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि संध्याकाळी तो परत आणावा लागे. तहान लागली तरी माठाला किंवा नळाला हात लावायचा नाही. शाळेचा शिपाई वरून पाणी ओतेल तेव्हाच प्यायचे. शिपाई नसला, तर त्या दिवशी पाणी नाही. मित्रांनो, उन्हाळ्यात घसा कोरडा पडला म्हणजे काय होते ते आपल्या मराठवाड्यातील मुलांना सांगायला नको. पाणी समोर असूनही पिता येऊ नये, ही त्याहून मोठी व्यथा होती. भीमरावांनी ती लहान वयात सोसली.

पुढे कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतील एका लहानशा खोलीत सारा संसार होता. तेथेच स्वयंपाक, तेथेच झोप आणि तेथेच अभ्यास. दिवसा खोलीत गलबला असे. म्हणून भीमराव संध्याकाळी लवकर झोपत आणि वडील त्यांना पहाटे दोन वाजता उठवत. सगळे गाव झोपलेले असताना दिव्याच्या उजेडात हा मुलगा वाचत बसे.

रामजींची पेन्शन थोडी होती. पण मुलाने मागितलेले पुस्तक आणून द्यायचेच, असा त्यांचा निर्धार होता. जवळ पैसे नसले, की ते लग्न झालेल्या आपल्या मुलींच्या घरी जात आणि उसने पैसे मागत. त्यांच्याकडेही नसले, तर एखादा दागिना मागून घेत आणि तो गहाण ठेवून पुस्तक विकत आणत. पेन्शन हाती आली, की दागिना सोडवून परत देत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून त्यांनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. बाबासाहेबांच्या थोरवीत त्या बहिणींच्या दागिन्यांचाही वाटा आहे, हे आपण विसरू नये.

उर्दू शिकणाऱ्या तुम्हां मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. भीमरावांना संस्कृत शिकण्याची फार इच्छा होती. पण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. म्हणून त्यांना फारसी हा विषय घ्यावा लागला. तुमच्या उर्दूतील कितीतरी शब्द ज्या भाषेतून आले आणि मराठीतील दप्तर, कागद, अर्ज यांसारखे शब्दही ज्या भाषेतून आले, ती ही फारसी. भीमराव ती मन लावून शिकले. बी.ए.लाही इंग्रजीबरोबर त्यांनी फारसीच घेतली. मात्र संस्कृतची ओढ त्यांनी सोडली नाही. पुढे मोठेपणी स्वतःच्या कष्टाने त्यांनी तीही भाषा शिकून घेतली. एक दार बंद झाले, तर दुसऱ्या दाराने आत जायचे आणि बंद दारही विसरायचे नाही, हा त्यांचा स्वभाव होता.

आता त्या पुस्तकाकडे वळू. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोड येथील बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक येत असत. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत आणि मराठीत चरित्रे लिहीत. उर्दूत आपण ज्याला सवानेह म्हणतो, तेच हे चरित्र. इतर मुले खेळत असताना एक मुलगा रोज एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतो, हे केळुसकर गुरुजींच्या ध्यानात आले. त्यांनी त्याची विचारपूस केली. तो कोण, कोठला हे कळल्यावरही त्यांनी त्याला दूर लोटले नाही. उलट ते त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले.

पुढे भीमराव परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या समाजातील लोकांनी त्यांचा सत्कार केला. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने शाळेची परीक्षा पास करणे ही फार मोठी गोष्ट होती. त्या प्रसंगी केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांना भेट दिले. हे पुस्तक १८९८ साली निघाले होते. ते सामान्य वाचकांसाठी मराठीत लिहिलेले होते. पंडितांनीच वाचावे असे ते नव्हते, शाळकरी मुलालाही समजावे असे होते.

त्या पुस्तकात काय होते? एका राजपुत्राने सुखाचे घर सोडले. माणसाच्या दुःखाचे कारण त्याने शोधले. माणूस जन्माने उच्च किंवा नीच ठरत नाही, तो आपल्या वागण्याने ठरतो, असे त्याने लोकांना सांगितले. गोणपाटावर वेगळे बसून शिकलेल्या मुलाने हे वाचले, तेव्हा त्याच्या मनात काय झाले असेल याची तुम्ही कल्पना करा. आपण जे सोसले ती देवाची इच्छा नाही, ते माणसांनी केलेले आहे, असा विचार त्याच्यापुढे उभा राहिला.

पण भीमरावांनी ते पुस्तक वाचले आणि लगेच सर्व काही मान्य केले, असे झाले नाही. घरी ऐकलेल्या कथा त्यांच्या मनात होत्या. शाळेतील अनुभव मनात होता. या सर्वांशी ते नव्या पुस्तकाची तुलना करू लागले. वडिलांनाही त्यांनी शंका विचारल्या. वाचन कसे करावे याचा हा पहिला धडा आहे. पुस्तक म्हणजे पाठ करून टाकण्याचा मजकूर नव्हे. ज्याच्याशी बोलावे, ज्याला प्रश्न विचारावेत असा तो सोबती आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. हा आकडा तुम्ही लक्षात ठेवा. ज्यांनी पुढे जगातील नामवंत विद्यापीठांच्या पदव्या मिळवल्या, त्यांचे मॅट्रिकचे गुण एवढेच होते. गुण कमी पडले म्हणून त्यांनी पुस्तक खाली ठेवले नाही. केळुसकर गुरुजींनीही त्यांचा हात सोडला नाही. त्यांच्या प्रयत्नाने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना कॉलेजच्या शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली. म्हणजे गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुस्तकाने दाखवलेल्या वाटेवर चालण्यासाठी लागणारी शिदोरीही त्यांनी मिळवून दिली.

१९१३ साली बडोद्याच्याच मदतीने बाबासाहेब अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले होते. परदेशात चैन करायला त्यांच्याजवळ पैसा नव्हता आणि तशी इच्छाही नव्हती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पुढे ती भारतात पाठवण्यासाठी एका परिचिताकडे सोपवली. पण त्यांतील बरीचशी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. १९१७ साली ते लंडनहून परतले, तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते, ती पाणबुडीने बुडवली. पोट मारून जमवलेली पुस्तके अशी गेली. दुसरा कुणी असता तर हताश झाला असता. बाबासाहेबांनी पुन्हा पुस्तके जमवायला सुरुवात केली. कागद बुडाला तरी वाचलेले डोक्यात राहते, ते कुणाला बुडवता येत नाही.

त्याच वर्षी ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला तेथे राहायला जागा मिळेना. शेवटी ते एका पारशी सराईत दुसऱ्या नावाने राहिले. रात्री त्या मोठ्या ओसाड दालनात मिणमिणता कंदील आणि वटवाघळांची फडफड एवढीच सोबत असे. अशा वेळी ते वाचत बसत आणि आपले एकटेपण विसरत. पण अकराव्या दिवशी खरी जात कळली आणि लोक काठ्या घेऊन दारात उभे राहिले. सराई सोडावी लागली. ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले. ज्या मुलाला एका बागेत गुरुजी भेटले, त्यालाच मोठेपणी दुसऱ्या बागेत निराधार बसावे लागले. त्या दिवशी त्यांना कळून चुकले, की आपण एकट्याने शिकून भागणार नाही. साऱ्या समाजाची स्थिती बदलली पाहिजे.

मग त्यांनी काय केले? ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले. या कामी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मदत केली. नंतर राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. साठवलेला पगार, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांवर हा प्रवास झाला. ज्या समाजातील काही लोकांनी त्यांना सराईबाहेर काढले, त्याच समाजातील एका मित्राने त्यांना हात दिला. म्हणून चार माणसांवरून सगळ्या समाजाची पारख करू नये. लंडनमध्ये ते सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत उठत नसत. रात्री भूक लागली, की भाजलेले पापड खात आणि पुन्हा वाचायला बसत. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली.

मित्रांनो, इतके वाचून बाबासाहेब केवळ पदव्या लावून बसले असते, तर आज आपण त्यांची आठवण काढली नसती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ते हजारो लोकांसह गेले आणि त्या तळ्याचे पाणी प्याले. तळे सार्वजनिक होते, कायद्यानेही ते सर्वांना खुले झाले होते. पण अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. शिपायाने वरून ओतलेल्या पाण्याची वाट पाहणारा साताऱ्याचा तो मुलगा आता आपल्या हाताने पाणी घेत होता. माणूस जन्माने नीच नसतो हे जे पुस्तकात वाचले, ते त्या दिवशी तळ्याच्या काठावर आचरणात आले. वाचनाचा हा दुसरा धडा. जे पटले ते जगून दाखवायचे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यालाही त्यांचे पाय लागले आहेत. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली होती. तिला बाबासाहेब हजर होते. आपल्या येरमाळ्यावरून बीडकडे जाणारा महामार्ग पुढे छत्रपती संभाजीनगरला जातो. तेव्हाच्या त्या औरंगाबाद शहरात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यातील मुलांना उच्च शिक्षणाच्या सोयी तेव्हा फारच थोड्या होत्या. त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा फार प्राचीन काळचा एक राजा होता. नागसेन नावाच्या भिक्षूला त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. त्या प्रश्नोत्तरांचा एक ग्रंथच प्रसिद्ध आहे. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला देणे किती योग्य आहे पाहा!

मुंबईत दादर येथे बाबासाहेबांनी राजगृह नावाचे घर बांधले. पुस्तके नीट ठेवता यावीत हा ते बांधण्यामागील एक मुख्य हेतू होता. तेथे हजारो ग्रंथ होते. स्वातंत्र्यानंतर २९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. अनेक देशांच्या घटनांचा त्यांनी केलेला अभ्यास येथे कामी आला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. अस्पृश्यता पाळणे हा त्या घटनेने गुन्हा ठरवला आहे. अल्पसंख्याकांना आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा व आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्कही त्याच घटनेत आहे. आज तुम्ही उर्दू माध्यमात शिकता आणि शेजारी मराठीही शिकता, त्यामागे हा हक्क उभा आहे.

बाबासाहेब आपले तीन गुरू सांगत. गौतम बुद्ध, कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. नीट विचार केलात तर तुमच्या ध्यानात येईल, की या तिघांपैकी एकालाही त्यांनी डोळ्यांनी पाहिले नव्हते. बुद्ध अडीच हजार वर्षांपूर्वीचे. कबीर काही शतकांपूर्वीचे. जोतीराव १८९० च्या नोव्हेंबरमध्ये वारले आणि भीमराव पुढच्या एप्रिलमध्ये जन्मले. मग गुरूंची गाठ पडली कोठे? कबीर भेटले वडिलांच्या तोंडच्या दोह्यांत. जोतीराव भेटले त्यांच्या कार्याच्या अभ्यासातून. बुद्ध भेटले केळुसकर गुरुजींनी दिलेल्या पुस्तकात. आपल्या गावात मोठे लोक नाहीत, आपल्याला कोण शिकवणार, असे म्हणणाऱ्या मुलांना यात उत्तर आहे.

त्या भेटीचे पुढे काय झाले? सुमारे पन्नास वर्षे तो विचार बाबासाहेबांच्या मनात होता. त्यांनी तो इतर विचारांशी ताडून पाहिला, अनेक ग्रंथ अभ्यासले आणि मगच निर्णय घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच काळात ते बुद्धाच्या जीवनावर आणि शिकवणीवर इंग्रजीत एक मोठा ग्रंथ लिहीत होते. त्याच्या प्रस्तावनेसाठी लिहिलेल्या मजकुरात त्यांनी केळुसकर गुरुजींच्या भेटीची आठवण कृतज्ञतेने नोंदवली आहे. गुरुजी १९३४ सालीच वारले होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही बाबासाहेबांनी त्या ग्रंथाची प्रस्तावना वाचायला मागवून घेतली होती. ६ डिसेंबरला दिल्ली येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. १९५७ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका चरित्राने सुरू झालेले वाचन असे दुसरे चरित्र लिहून पूर्ण झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आज बसस्थानकावरील दुकानांतही यशस्वी कसे व्हावे, श्रीमंत कसे व्हावे हे सांगणारी पुस्तके टांगलेली दिसतात. ती वाचायला हरकत नाही. थोरांची चरित्रे तर जरूर वाचा, उर्दूत वाचा, मराठीतही वाचा. पण आठ दिवसांत आयुष्य बदलेल, अशी घाई करू नका. बाबासाहेबांनी एका पुस्तकासाठी पन्नास वर्षे दिली. लेखकाला प्रश्न विचारा, आपल्या अनुभवाशी ताडून पाहा, पटेल ते आचरा आणि न पटेल ते का पटले नाही याचा विचार करा. आणि एक गोष्ट विसरू नका. घरात किंवा वस्तीत एखादे धडपडणारे मूल दिसले, तर त्याच्या हाती एक पुस्तक द्या. केळुसकर गुरुजींना तरी त्या सत्काराच्या दिवशी कोठे माहीत होते, की आपण किती मोठ्या माणसाच्या हाती पुस्तक देत आहोत!

शब्दार्थ

व्यथा – दुःख
गलबला – गोंगाट
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न
सराई – प्रवाशांनी उतरण्याची जागा
मज्जाव – मनाई
ताडून पाहणे – तुलना करून पारखणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भीमराव शाळा सुटल्यावर वाचायला कोठे जात?
(आ) भीमरावांना फारसी विषय का घ्यावा लागला?
(इ) मूकनायक केव्हा सुरू झाले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रामजींनी मुलाच्या पुस्तकांसाठी काय काय केले?
(आ) बाबासाहेबांना त्यांचे तीन गुरू कसे भेटले?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : हात देणे, कळून चुकणे, पोट मारणे.

उपक्रम : तुम्ही वाचलेल्या एका चरित्रातील पटलेली एक गोष्ट आणि न पटलेली एक गोष्ट वर्गात मराठीतून सांगा.